नाथसागराचा काठ : गाळपेर आणि पाणपक्षी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव व नेवासे हे तालुके अवर्षणप्रवण म्हणून परिचित आहेत. पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. अशा या कोरड्या मुलखाच्या कडेला गोदावरीचा एक विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. पैठण येथील या धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मूळची योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हावयाची होती. पुढे जागा बदलली, नाव मात्र पहिलेच राहिले. जलाशयास नाथसागर असे म्हणतात. त्याचा फुगवटा प्रवरासंगमापर्यंत येतो. १९८६ साली या जलाशयाचा सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा प्रदेश पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आला.

नाथसागर विस्ताराने मोठा परंतु उथळ आहे. गोदेचे खोरे येथे सपाट असल्यामुळे पाणी हातभर उतरले तरी काठची पुष्कळ जमीन उघडी पडते. कालव्यांना पाणी सुटू लागले व उन्हाने वाफ होऊ लागली म्हणजे पाण्याची रेषा मागे मागे सरकते आणि तिच्यामागून ओल्या गाळाचा पट्टा निघतो. त्यात शेतकरी ज्वारी, हरभरा, गहू पेरतो. उन्हाळ्यात टरबूज व काकडीही करतो. हेच गाळपेर होय. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या त्यांना या जमिनीच्या वाटपात अग्रक्रम असतो, आणि तो न्याय्यच आहे. ज्याची वडिलोपार्जित काळी जमीन पाण्याखाली आहे, त्याच्या दृष्टीने एका हंगामापुरता मिळणारा हा पट्टा म्हणजे घरच्या धान्याचा प्रश्न असतो. पक्ष्यांच्या संरक्षणाची गोष्ट काढणाऱ्या कार्यकर्त्याने ही बाब प्रथम ध्यानात घ्यावी.

कारण हाच पट्टा पाणपक्ष्यांचे कुरण आहे. मधल्या खोल पाण्याचा बहुतेक पक्ष्यांना फारसा उपयोग नसतो. शेकाट्या घोटाभर पाण्यात चालत किडे टिपतो. थापट्या बदक रुंद चोचीने वरचे पाणी गाळते. तलवार बदक डोके बुडवून जेथवर मान पोचेल तेथवरचेच खाते. चोचीच्या टोकाशी पिवळा व कपाळाशी तांबडा ठिपका असलेले हळदीकुंकू बदक, चक्रवाक, कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी, हे सर्व उथळ पाण्याचे व काठाचे रहिवासी. गोगलगायी, किडे व पाणवनस्पती येथेच वाढतात, कारण सूर्यप्रकाश येथेच तळापर्यंत पोचतो. हिवाळ्यात तिबेट व लडाखच्या सरोवरांकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, त्याहून उत्तरेकडून कांड्या करकोच्यांचे थवे येतात, आणि पाणी पुरेसे उतरले म्हणजे रोहितही येतात.

तंटा उभा राहतो तो येथे. करकोचे व पट्टकादंब पहाटे आणि सायंकाळी शेतात उतरतात व दुपारी पाण्याकाठी विसावतात. कोवळा हरभरा व गहू त्यांना मानवतो. रात्रीतून वाफा खुडला गेलेला पाहून शेतकऱ्यास संताप येणे स्वाभाविक आहे. त्यास केवळ कायदा सांगून भागत नाही. काही उपाय मात्र अनुभवाने उपयुक्त ठरले आहेत. एका शिवारातील पेरणी शक्यतो एकाच आठवड्यात उरकावी. एकट्यादुकट्याचे शेत आधी उगवले तर सगळा थवा त्यावरच पडतो. शंभर एकर बरोबर उगवले म्हणजे नुकसान विभागले जाते व कोवळेपणाचा धोक्याचा काळही लवकर सरतो. हरभरा पाण्याच्या रेषेलगत न पेरता वरच्या अंगास पेरावा. ज्वारी काढल्यावर धसकटे लगेच नांगरू नयेत. सांडलेले दाणे टिपण्यात थवा गुंतला तर उभ्या पिकाकडे कमी वळतो. राखणीस चकाकणाऱ्या फिती व डबा पुरे. पहाटेचे दोन तास राखण झाली तरी बरेच साधते.

विष घालणे हा मात्र उपाय नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तो गुन्हा आहेच, परंतु त्याहून निकटची गोष्ट अशी की गाळपेरातील विष पहिल्या पावसाबरोबर त्याच जलाशयात उतरते, आणि त्या जलाशयाचे पाणी माणसे व गुरे पितात. फोरेट या दाणेदार विषारी औषधावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे; कोणाच्या कोठारात जुनी पिशवी शिल्लक असेल तर ती वापरू नये. औषध चोळलेले उरलेले बियाणे बांधावर टाकून दिल्याने मोर, तितर व करकोचे मरतात. ते पाण्यापासून दूर खोल पुरावे. फवारणीचा पंप काठावर धुण्याची सवय अगदी साधी वाटते, पण तीही सोडली पाहिजे.

फाल्गुनापासून पुढे आणखी एक नाजूक काळ येतो. नदी सुरय, टिटवी, आर्ली हे पक्षी झाडावर घरटे करीत नाहीत. उघड्या वाळूवर वा मातीवर, नुसत्या खळग्यात अंडी घालतात. अंड्यांचा रंग जमिनीसारखाच असल्याने ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पाणी उतरल्यावर जी लहान बेटे वर येतात ती मार्च ते मे या तीन महिन्यांत गुरे, कुत्री व नांगर यांपासून मोकळी ठेवल्यास पुष्कळ पिल्ले वाचतील. बेटावरचे पीक तसेही नावेने आणावे लागते. तेथील त्याग फार मोठा नाही.

मासेमारीविषयी एवढेच की बारीक आसाच्या जाळ्यात बोटुकली धरली गेली तर पुढील वर्षाचा मासा आणि बगळ्याचा घास दोन्ही जातात. टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत पक्षी गुरफटतात, म्हणून ती काठावर आणून नष्ट करावीत.

साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या काठावर पहारा ठेवणे कोणत्याही खात्यास शक्य नाही. गावाने मनावर घेतल्यास काय होते याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे श्री. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यानंतर गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली, शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचे ठरविले, आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. तेथे नियम गावाचा होता, म्हणून तो पाळला गेला. दुसरे उदाहरण भीमेवरील उजनी जलाशयाचे. त्याचा एक काठ कर्जत तालुक्यास लागतो. पलीकडच्या इंदापूर तालुक्यातील कुंभारगाव येथील मच्छीमार हिवाळ्यात आपल्या होडीतून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवितात व त्यातून मजुरी मिळवितात. ज्याची होडी पक्ष्यावर चालते तो पक्ष्यास दगड मारू देत नाही.

नाथसागराची अडचण अशी की जमीन जलसंपदा खात्याची, पक्षी वन खात्याकडे आणि पीक शेतकऱ्याचे. तेव्हा गाळपेराचे वाटप होण्यापूर्वी, म्हणजे आश्विनातच, ग्रामसभेस दोन्ही खात्यांचे कर्मचारी बोलवावेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे. ती कागदावर असल्यास तीच कामास लावावी. पाण्यालगतचा किती पट्टा न पेरता सोडावयाचा, कोणती बेटे राखावयाची आणि राखलेल्या पट्ट्यामुळे ज्याचा वाटा घटतो त्यास वरच्या अंगास किती जमीन द्यावयाची, हे तिने नकाशावर मांडून ठरवावे. शेवटचा मुद्दा टाळला तर ठराव टिकत नाही; ज्या कुटुंबाने एकदा जमीन गमावली आहे त्याच्याच माथी पुन्हा तोटा येऊ नये.

हा ठराव एकदा करून चालत नाही. धरण किती भरले यावर पट्टा कोठे व केव्हा निघेल हे अवलंबून असते. तुडुंब भरलेल्या वर्षी गाळपेर उशिरा निघते, आणि रोहितही उशिरा येतात.