पावसाळ्यात बॅटरीची देखभाल आणि सुरक्षितता

मावळात आषाढ-श्रावणात पावसाची उघडीप मोजकीच मिळते. भातावर कीड-रोग दिसला, सकाळी आभाळ मोकळे झाले आणि नेमका फवारणी पंप दोन टाक्यांत बंद पडला, तर तो दिवस वाया जातो. पंप, झटका मशीन, ट्रॅक्टर आणि हरितगृहातील इन्व्हर्टर यांची भिस्त बॅटरीवर असते. पिकाची पाहणी आपण नियमित करतो, तशीच बॅटरीचीही करावी.

बॅटरी खराब का होते?

शिसे-आम्ल बॅटरीत शिशाच्या प्लेटा गंधकाम्लाच्या द्रावणात असतात. वीज वापरली जाते तसे प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते आणि द्रावण पातळ होते. चार्जिंग केल्यावर ही क्रिया उलट होते. मात्र बॅटरी उतरलेल्या स्थितीत बरेच दिवस पडून राहिली, तर सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात. ते पुन्हा पूर्ण विरघळत नाहीत व क्षमता कायमची घटते. असे नुकसान वापर नसतानाही होते.

तपासणी कशी करावी?

१) व्होल्टेज : चार्जिंग थांबवून, भार काढून, चार-सहा तासांनी मल्टीमीटरने मोजावे. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. झटका मशीनची बॅटरी सलग ढगाळ हवामानात सौर पॅनेलवर पुरेशी भरत नाही. तिचे व्होल्टेज आठवड्यातून एकदा पाहावे व १२.२ च्या खाली गेल्यास योग्य चार्जरने घरी भरून घ्यावी.

२) विशिष्ट गुरुत्व : बुचे असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटरने सहाही सेल तपासावेत. पूर्ण भरल्यावर बॅटरीच्या प्रकारानुसार १.२४० ते १.२८० असा आकडा येतो. एखाद्या सेलचा आकडा इतरांपेक्षा ०.०३० ने कमी राहिला, तर तो सेल कमजोर समजावा. पाणी घातल्यावर लगेच मोजू नये. चार्जिंग होऊन द्रावण मिसळल्यावरच मोजावे.

३) टाक्यांचा हिशेब : फवारणी पंपाची बॅटरी सीलबंद असते, ती उघडू नये. नवीन असताना एका चार्जिंगवर किती टाक्या झाल्या, हे वहीत लिहावे. समजा, त्या वेळी १५ टाक्या झाल्या आणि तोच नोझल, तोच दाब ठेवून आता १२ होतात; म्हणजे क्षमता ८० टक्के उरली. येथून पुढे नव्या बॅटरीची तयारी ठेवावी. फवारा मंदावताच काम थांबवावे आणि त्याच दिवशी चार्जिंगला लावावे.

पाणी कोणते घालावे?

द्रावण प्लेटांच्या वर व खुणेपर्यंत असावे. कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल कधीही घालू नये. विहिरीच्या पाण्यातील क्षार व लोह बॅटरीला मारक ठरतात. आपल्याकडे पाऊस भरपूर, म्हणून पागोळीचे पाणी वापरण्याचा मोह होतो. पण त्यात छपरावरील धूळ व गंज उतरतो. ते वापरू नये.

जीव सांभाळा

चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने छपराखाली साठतो. पावसाची झड आत येते म्हणून आपण खोली बंद ठेवतो, तेव्हा धोका वाढतो. म्हणून बॅटरी झोपण्याच्या खोलीत, देवघराजवळ किंवा पेंढ्याच्या माचाशेजारी चार्ज करू नये. वरच्या बाजूस झरोका ठेवावा. तेथे विडी, काडी, समई पेटवू नये.

ट्रॅक्टरची बॅटरी काढताना ऋण (-) टोक आधी सोडावे, जोडताना शेवटी जोडावे. टर्मिनलवरील पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी; ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. कोरडे करून पेट्रोलियम जेली लावावी. आम्ल डोळ्यात उडाल्यास स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावे व तातडीने दवाखाना गाठावा.

लिथियम बॅटरी असल्यास

तिला तिचाच चार्जर वापरावा. ओली झालेली, आपटलेली, फुगलेली, वास येणारी किंवा नेहमीपेक्षा जास्त तापणारी बॅटरी चार्ज करू नये. ती घराबाहेर, पेंढा-लाकडापासून दूर ठेवावी. पेट घेतल्यास विषारी धूर निघतो आणि विझलेली आग पुन्हा भडकू शकते. माणसे दूर करावीत व १०१ वर अग्निशमन दलास कळवावे.

हंगाम संपल्यावर

शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून कोरड्या जागी ठेवावी व महिन्यातून एकदा पुन्हा भरावी. लिथियम बॅटरी साधारण निम्मी भरून ठेवावी. जुनी बॅटरी फोडून आम्ल ओढ्यात अगर खाचरात ओतू नये; शिसे विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून ती विक्रेत्याकडे द्यावी.

तारीख, व्होल्टेज, टाक्या आणि घातलेले पाणी, अशा चार रकान्यांची वही बॅटरीजवळ टांगून ठेवावी. घसरण आधी वहीत दिसेल आणि उघडिपीच्या दिवशी शेतात खोळंबा होणार नाही.