होडीचे ठिगळ

2022 च्या जुलै महिन्यात वर्धा नदीला मोठा पूर आला. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात नदीकाठच्या गावांतील माणसांना हवा भरलेल्या होड्यांतून बाहेर काढावे लागले. पाण्याखाली दडलेल्या काटेरी कुंपणाने अशी होडी फाटली तर? गडचांदूरच्या सायकल दुकानातले सोल्युशन चालेल का?

बहुधा नाही. सायकलची ट्यूब रबराची आणि सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबरच, त्यांचे जमते. परंतु आपण जिला 'रबरी' म्हणतो ती होडी पुष्कळदा पीव्हीसीचा लेप दिलेल्या पॉलिएस्टर कापडाची असते. पीव्हीसी लवचीक राहावे म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळतात. ते हळूहळू पाझरून रबरी चिकटवणाला मऊ करते व ठिगळ सरकते. पीव्हीसीला दोन भाग मिसळून वापरायचे पॉलियुरेथेन चिकटवण लागते. हायपेलॉन या कृत्रिम रबराच्या होडीला निओप्रीनचे. झटपट चिकटणारा गोंद दोन्हींना निरुपयोगी, कारण तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि कापड वाकताच तडकतो.

ट्यूबच्या एका तुकड्यावर व पीव्हीसीच्या जुन्या रेनकोटावर सोल्युशनने ठिगळे लावा आणि दुसऱ्या दिवशी सोलून पाहा. (हे उघड्या हवेत, विस्तवापासून दूर करा, वाफा हुंगू नका.)

आता ठिगळ केवढे हवे? समजा, होडीच्या नळीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोग्रॅम जास्त आहे आणि नळीची त्रिज्या 20 सेंटिमीटर आहे. नळीभोवतीच्या कापडातील ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. म्हणजे नळीच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला 0.25 × 20 = 5 किलोग्रॅम! ठिगळ चिरेच्या दोन्ही बाजूंना 5 सेंटिमीटर पुढे गेले असेल, तर चिकटवणावर दर चौरस सेंटिमीटरला सरासरी 1 किलोग्रॅम येतो. एकच सेंटिमीटर पुढे असेल तर पाचपट. ठिगळाचे कोपरे मात्र गोल कापावेत. टोकदार कोपऱ्यापासून सोलणे सोपे जाते, हे वहीवरचे लेबल काढताना तुम्ही पाहिलेच असेल.

खरी अडचण पावसाळ्याची. चिकटवणातील द्रावक उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेतो. दमट हवेत तो पृष्ठभाग दवबिंदूखाली गेला, की त्यावर पाण्याचा अदृश्य थर जमतो आणि ठिगळ कापडाला न चिकटता पाण्याला चिकटते. शिवाय पॉलियुरेथेनच्या दुसऱ्या भागातील द्रव्य या ओलाव्याशीच संयोग पावून वाया जाते. म्हणून होड्या उन्हाळ्यातच फुगवून, साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत आणि कोरड्या सावलीत ठिगळ लावून एक दिवस तरी हवा भरू नये.