घडीचा चाकू मिटण्याची सुरक्षित रीत

कोकणात पावसाळ्यात आंब्याची कोयकलमे बांधली जातात, तर विदर्भात हिवाळ्यात संत्र्याचे डोळे भरले जातात. या कामी घडीचा चाकू दिवसातून अनेकदा उघडावा व मिटावा लागतो. काप घेताना सारे लक्ष पात्यावर असते. मिटताना मात्र ते सैल होते व बोट कापते. कलमे बांधणाऱ्याच्या बोटास खोल जखम झाल्यास ऐन हंगामातील त्याची मजुरी बुडते. म्हणून चाकू चालविण्याइतकेच तो मिटण्याचेही शिक्षण आवश्यक आहे.

सर्व प्रकारांस लागू पडणारा नियम एकच : पाते मुठीच्या ज्या खाचेत शिरते, त्या खाचेवर बोट असू नये. मूठ दोन्ही बाजूंनी धरावी, पाते पाठीकडून धरावे व दोन्ही हातांनी सावकाश मिटावे. मांडीवर दाबून चाकू कधीही मिटू नये.

१. साध्या कमानीचा चाकू : यात पाते केवळ कमानीच्या ताणाने उघडे राहते. पाते अर्ध्यापुढे गेले की कमान त्यास आपणहून आत ओढते. म्हणून अर्ध्यापर्यंत पाते चिमटीत धरून वळवावे व पुढे तळहाताने पात्याची पाठ दाबावी.

२. पाठीवर खटका असलेला चाकू : खटका दाबल्याखेरीज पाते सुटत नाही. परंतु अंगठ्याने खटका दाबताना त्याच हाताची बोटे नकळत खाचेवर वळतात. धोका तेथेच आहे. बोटे मुठीच्या बाजूस सरळ ठेवावीत, दुसऱ्या हाताने पाते थोडे वळवावे, खटका सोडावा व मग चाकू मिटावा.

३. आतील पट्टीचा चाकू : मुठीच्या आतील धातूची पट्टी पात्याच्या बुडामागे अडकते. ती अंगठ्याने बाजूस सारावी लागते व त्या वेळी अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. पाते किंचित वळताच अंगठा काढावा व नंतरच पाते पूर्ण मिटावे.

४. कड्याचा चाकू : फ्रान्समधील ओपिनेल चाकू १८९० पासून प्रसिद्ध आहे, त्यास फिरते कडे १९५५ मध्ये जोडण्यात आले. कड्यातील फट खाचेसमोर आणावी व मग पाते मिटावे. याची लाकडी मूठ पावसात फुगते व पाते घट्ट बसते. अशा वेळी जोर न लावता मूठ सावलीत वाळू द्यावी.

डोळे भरण्याच्या चाकूस धारदार पात्याखेरीज साल सोडविण्याची बोथट पट्टीही असते. दोन्ही उघडी असल्यास प्रथम धारेचे पाते मिटावे, नंतर पट्टी.

पाते अडखळत असेल तर त्याचे कारण बहुधा सांध्यात साचलेला झाडाचा चीक किंवा गंज असतो. अशा पात्यावर जोर लावला असता ते एकदम सुटते. म्हणून रोज काम संपल्यावर पाते पाठीकडून धारेच्या दिशेने पुसावे, चीक साबणाच्या कोमट पाण्याने काढावा, चाकू पूर्ण कोरडा करावा व सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा.

इतके करूनही जखम झालीच, तर ती स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे दाबून धरावी. तीत माती, शेण किंवा तंबाखू भरू नये. धनुर्वाताचे जंतू माती व शेणात असतात. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लशीबाबत विचारावे. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल वा बधिर झाले असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कलमांच्या प्रात्यक्षिकात पहिला काप दाखविण्यापूर्वी प्रत्येक शिकाऊ व्यक्तीकडून तिचा स्वतःचा चाकू उघडून मिटवून घ्यावा. खटका कोठे व खाच कोणत्या बाजूस हे ज्यास न पाहता सांगता येते, त्याच्याच हाती कलमकाडी द्यावी.