उभा धागा आणि आडवा धागा

आधी विचार करावा की आधी कामास लागावे, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांतील तरुण उपदेशक आम्हांस पुष्कळदा विचारतात. त्याचे उत्तर भिवंडी येथील नारपोलीच्या यंत्रमागांपाशी मिळते, असे आम्हांस वाटते.

माग सुरू होण्यापूर्वी उभे सूत बिमावर सारख्या ताणाने गुंडाळावे लागते. घर्षणाने ते तुटू नये म्हणून त्यास खळ देतात, आणि मग एकेक धागा फणीतून ओवून घेतात. एवढे श्रम होऊनही हातभर कापड तयार झालेले नसते. धोटा आडवा धागा घेऊन धावू लागतो, तेव्हाच कापड विणले जाते. केवळ उभे धागे अंगावर पांघरता येत नाहीत; आणि उभ्या धाग्यांवाचून धोटा फिरविला तर गुंता मात्र होतो. मनन हा उभा धागा होय व कृती हा आडवा.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात हे दोन्ही धागे दिसतात. १८८२ साली त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या व तेथील शाळा आणि बालशिक्षणाची पद्धत त्यांनी बारकाईने अभ्यासिली. परंतु त्या अभ्यासातच रमून राहिल्या नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले, व पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. सदनाची मूळ योजना उच्च जातींच्या विधवांसाठी होती. परंतु मध्यप्रांतात उपासमारीने गांजलेल्या मुली नाना जातींच्या होत्या. रमाबाईंनी स्वतः बालपणापासून भटकंती केली होती, आणि आईबाप दुष्काळात गमावले होते. या दुःखाचा विचार त्यांच्या मनात वर्षानुवर्षे पिकत होता. म्हणूनच वेळ आली तेव्हा त्यांचा हात अडखळला नाही. त्या मध्यप्रांतात गेल्या, मुलींना घेऊन आल्या, व केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मागावर धागा तुटला की विणकर माग थांबवितो, गाठ मारतो व पुन्हा चालू करितो. तो सबंध बीम टाकून देत नाही, आणि तुटका धागा तसाच ठेवून पुढेही विणीत नाही. रमाबाईंनीही योजना बदलली, उद्देश सोडला नाही. शेकडो मुलींचा संसार सांभाळीत असतानाच त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि त्यांनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते प्रसिद्ध झाले.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. मागकामगारांच्या मुलांसाठी रात्रीचा वर्ग काढावा, असे आम्ही ठरविले. वर्षभर सभा भरविल्या. पुस्तके कोणती, दिवा कोठला, शिक्षक कोण, याची चर्चा केली. वर्ग सुरू झाला त्या दिवशी ज्या मुलावरून ही कल्पना सुचली होती तो आला नाही. तो कामास लागला होता. आमचे उभे सूत उत्तम होते. पण धोटा उशिरा फिरला. याच्या उलट, दुसऱ्या एका गावी उत्साहाच्या भरात आठ दिवसांत सुरू केलेला वर्ग पावसाळ्यापूर्वीच बंद पडला, कारण तेलाचा खर्च कोणी करावयाचा याचा विचारच झाला नव्हता.

यास्तव, वाचकहो, विचारास मुदत घालावी; कामास लहान आरंभ द्यावा; आणि दर आठवड्यास थोडे थांबून तुटलेला धागा पाहावा.

मननासाठी प्रश्न
१. आपल्या मंडळीत केवळ चर्चेतच राहिलेले काम कोणते?
२. विचारावाचून सुरू होऊन बंद पडलेले कोणते?
३. येत्या रविवारपर्यंत त्यांपैकी एकाचा कोणता लहान भाग आपल्या हातून होईल?