कोरडी म्हणवणारी धुलाई

कलाशाखेच्या वार्षिकांकात कपड्यांच्या धुलाईवर लेख पाहून काहींना नवल वाटेल, काहींना हसूही येईल. परंतु या लेखाचे मूळ आपल्याच स्नेहसंमेलनात आहे. गेल्या वर्षीच्या नाटकात मी आजीची पैठणी नेसले होते. दुसरा अंक संपल्यावर विंगेत कोणाच्या तरी हातातले लिंबाचे सरबत पदराजवळ सांडले. रुमालाने टिपले, पंख्याखाली धरले आणि दहा मिनिटांत ओल गेली. डाग काही दिसेना. मी निश्चिंत होऊन तिसऱ्या अंकाला उभी राहिले. नाटकानंतर पैठणी शहरातील एका दुकानात ड्राय क्लीनिंगला टाकली. परत आली तेव्हा नेमक्या त्याच जागी चहाच्या रंगाचा, तळहाताएवढा डाग होता.

मी तडक दुकानात जाऊन भांडले. देताना डाग नव्हता, घेताना आहे, मग तो पाडला कोणी, असा माझा बिनतोड वाटणारा मुद्दा होता. मालकांनी वाद न घालता आतून एका वयस्क कारागिरांना बोलावले. त्यांनी साडी दिव्याखाली धरली, डागाच्या कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, "ताई, यावर गोड काही सांडलं होतं का?"

मी गप्प झाले. त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्यांच्याकडून जे ऐकले, आणि पुढे कुतूहलापोटी जे वाचले, ते येथे मांडीत आहे.

ड्राय क्लीनिंग हे नावच मुळी फसवे आहे. त्यात कोरडे असे काही नसते. कपडे एका द्रवात चांगले भिजतात, घुसळले जातात, पिळले जातात. तो द्रव पाणी नसतो, एवढाच काय तो फरक. परंतु या एवढ्याशा फरकातच सगळे शास्त्र आहे. तूप, तेल, मेण, अंगाचा तेलकटपणा हे पदार्थ पाण्याला दाद देत नाहीत, पण तारपीन किंवा पेट्रोलसारख्या द्रवात ते सहज विरघळतात. उलट मीठ, साखर, घामातील क्षार यांचे नाते पाण्याशी. त्या दुसऱ्या द्रवात ते जसेच्या तसे बसून राहतात. दुकानात द्रवाबरोबर विशिष्ट साबण आणि किंचित पाणीही घालतात, त्यामुळे थोडीफार साखर निघते, पण भरपूर सांडलेले सरबत निघत नाही. ते धाग्यात दडून बसते आणि कपडा वाळवताना गरम हवा लागली, वर इस्त्री फिरली, की कढईतला पाक करपावा तसे तपकिरी होते. म्हणजे डाग मीच दुकानात नेला होता, फक्त तो न दिसणारा होता. उसाचा रस, शीतपेये, नारळपाणी यांचीही गत हीच.

मग रेशीम सरळ पाण्यातच का धुऊ नये? आपल्या आज्या पीतांबर आणि कद घरी रिठ्याच्या पाण्यात धूतच होत्या. रिठ्याचा फेस सौम्य असतो, सोड्यासारखा जहाल नाही, आणि सोडा हा रेशमाचा आणि लोकरीचा वैरी. हे दोन्ही धागे प्राण्यांपासून येतात, म्हणजे मूलतः प्रथिनांचे बनलेले असतात, आणि कडक क्षारात प्रथिने झिजतात. सूत मात्र वनस्पतीचे. ते भट्टीत उकळले तरी टिकते, किंबहुना ओले सूत कोरड्याहून मजबूत असते. लोकरीची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या तंतूवर माशाच्या अंगावर असावेत तसे बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणे एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि मागे सरकू शकत नाहीत. मोठ्या माणसाचा स्वेटर एका धुण्यात शाळकरी पोराच्या मापाचा होतो तो यामुळेच, आणि तो कितीही ताणला तरी पूर्ववत होत नाही. घोंगडी दाट करण्यासाठी हाच गुण कामी येतो, हा भाग वेगळा.

कोटाचे दुखणे तर केवळ कापडाचेही नाही. वर लोकर, आत अस्तर, मध्ये कडक कॅनव्हास, खांद्यात गादी, अशी चार तऱ्हेची मंडळी एका शिलाईत नांदत असतात. पाण्यात प्रत्येक जण आपापल्या मर्जीने आकसतो आणि कोटाची छाती पापडासारखी फुगते. पाण्याऐवजी दुसरा द्रव वापरला तर धागा फुगत नाही, म्हणून आकार टिकतो. या धुलाईचा खरा उपयोग इथे आहे. कारागीर हसत म्हणाले, "लोक सुती शर्टसुद्धा ड्रायला देतात. त्याला पाणीच बरं असतं, पण ऐकतं कोण!"

या विद्येच्या उगमाबद्दल पॅरिसमधील जोली नावाच्या व्यावसायिकाची गोष्ट नेहमी सांगितली जाते. मोलकरणीच्या हातून टेबलावरच्या कापडावर दिव्याचे तेल सांडले आणि तेवढाच भाग स्वच्छ झाला, हे पाहून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला ही युक्ती सुचली म्हणे. इंग्लंडात तर या धुलाईला फ्रेंच धुलाई असेच म्हणत. गोष्ट गोड आहे, पण मला तिच्याहून थॉमस जेनिंग्ज या न्यूयॉर्कच्या शिंप्याची हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. ३ मार्च १८२१ रोजी त्याला 'कोरड्या घासणी'च्या पद्धतीबद्दल पेटंट मिळाले. अमेरिकेत पेटंट मिळालेला तो पहिला आफ्रिकी वंशाचा माणूस मानला जातो. तो जन्माने स्वतंत्र होता म्हणून हे शक्य झाले; त्याच काळी लाखो कृष्णवर्णीय गुलामगिरीत होते आणि गुलामाला कसलाच हक्क नव्हता. १८३६ साली पेटंट कचेरीला लागलेल्या आगीत जेनिंग्जचे कागद जळाले, त्यामुळे त्याची कृती कायमची लुप्त झाली. याच जेनिंग्जची मुलगी एलिझाबेथ हिने १८५४ साली न्यूयॉर्कच्या घोड्यांच्या ट्राममधून उतरण्यास नकार दिला. तिला बळाने उतरवण्यात आले. तिने दावा लावला आणि १८५५ मध्ये तो जिंकला. तिचा तरुण वकील चेस्टर आर्थर पुढे १८८१ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. हे विषयांतर आहे, हे मान्य. परंतु इतिहासाच्या विद्यार्थिनीला ते टाळता आले नाही.

आरंभी वापरीत ते तारपीन, बेंझिन, पेट्रोल यांच्या जातीचे पदार्थ. कपडे स्वच्छ होत, पण एखादी ठिणगी पडली की दुकानासकट जळत. म्हणून न जळणाऱ्या द्रवाचा शोध सुरू झाला. गंमत अशी की, ज्या १८२१ साली जेनिंग्जला पेटंट मिळाले, त्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरडेने कार्बन व क्लोरीन यांचे एक नवे संयुग तयार केल्याचे प्रसिद्ध केले होते. परंतु धुलाईवाल्यांच्या हाती ते पडायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. या द्रवाचे लांबलचक नाव परक्लोरोइथिलीन, धंद्यातले नाव 'पर्क'. १९३० नंतर तो पसरला आणि जगभर या व्यवसायाचा मुख्य आधार झाला. तो पेट घेत नाही, तेलकटपणा झपाट्याने ओढून घेतो आणि १२१ अंशांवर उकळत असल्याने ऊर्ध्वपातन करून पुन्हा पुन्हा वापरता येतो. पाण्याहून तो पुष्कळ जड, एक लिटरचे वजन सुमारे १.६ किलो. म्हणून यंत्राच्या पिंपात कपड्यांना मारही जबर बसतो. काही जातींची प्लॅस्टिकची बटणे आणि टिकल्या तर त्यात मऊ पडतात किंवा विरघळतात. आपल्याकडील पुष्कळ लहान दुकानांत मात्र पर्क नसतो. तेथे 'एमटीओ' म्हणजे मिनरल टर्पेंटाइन हे जुन्याच कुळातले तेल वापरतात.

द्रव गाळून, उकळून शुद्ध केला नाही तर एकाचा मळ दुसऱ्याच्या कपड्यावर बसतो. पांढरा कपडा धुऊन राखाडी होऊन आला तर समजावे की तिथे काटकसर चालू आहे. उग्र वास येत असेल तर कपडा नीट वाळलेला नाही. आपण तो प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात अडकवतो, हे तर फारच वाईट. पिशवी काढून दिवसभर वाऱ्यावर टांगावा, मग आत ठेवावा.

हा वास आपल्या वाट्याला एक दिवस येतो. कारागिरांच्या वाट्याला तो रोज येतो. मी सहज विचारले तेव्हा ते म्हणाले, "पावसाळ्यात दारं लावली की संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं. बाहेर जाऊन चहा घेतला की उतरतं." त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पर्कची वाफ हवेहून जड असते, ती खोलीत तळाशी साठते, तिने गुंगी आणि डोकेदुखी येते आणि दीर्घकाळात यकृत व मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली, आणि फेरतपासणीनंतर २०१४ साली, त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या वर्गात ठेवले. कॅलिफोर्निया राज्याने २००७ साली निर्णय घेऊन २०२३ पर्यंत आपल्या हद्दीतील धुलाईतून तो हद्दपार करण्याचे ठरवले, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये धुलाईतील त्याचा वापर १० वर्षांत बंद करण्याचा नियम काढला. आता तिकडे सौम्य साबण, मोजके पाणी आणि संगणकाने फिरणारे यंत्र यांच्या साहाय्याने नाजूक कपडे पाण्यातच धुण्याची पद्धत रुजते आहे. कोटाच्या इभ्रतीसाठी कोणी आपले यकृत का झिजवावे, हा प्रश्न अर्थशास्त्राचा की नीतिशास्त्राचा, हे त्या त्या विभागाच्या प्राध्यापकांनी ठरवावे. माझ्या मते निदान खिडकी उघडी असावी आणि वाफ ओढून घेणारा पंखा चालू असावा, एवढे तर आपण गिऱ्हाईक म्हणून पाहू शकतो, विचारू शकतो.

आपल्या गावगाड्यात हे काम परिटाकडे होते, बारा बलुतेदारांपैकी एकाकडे. घरोघरचे कपडे एकत्र भट्टीला जात. ते ओळखू यावेत म्हणून परीट कोपऱ्यात बिब्ब्याच्या रसाची खूण करी. ती कितीही धुतली तरी जात नसे. पण खुणेहून मोठी गोष्ट होती ती ओळखीची. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाच्या घरी हळद लागली आहे, हे त्याला ठाऊक असे, आणि त्याप्रमाणे तो कपडा हाताळी. या कामाला आपण किती मान दिला, हा प्रश्न मात्र निराळा. जे हात आपला मळ काढीत, त्यांना पंगतीत जागा दूरच असे. संत गाडगेबाबा याच समाजात १८७६ साली जन्मले आणि त्यांनी हाती घेतला तो खराटा, हे आपण जयंतीला आठवतो आणि एरवी विसरतो.

आज दुकानातील काउंटरवर आपण गठ्ठा टाकतो, पावती घेतो आणि निघतो. कपड्याला नंबराची चिठ्ठी लागते, पण त्याची कथा कोणी विचारीत नाही आणि आपणही सांगत नाही. वास्तविक कारागिराच्या टेबलावर डागागणिक उपाय निराळा असतो. या कामाला ते 'स्पॉटिंग' म्हणतात. रक्त, दूध, अंडे यांना गार पाणीच हवे, गरम लागले की प्रथिन शिजून पक्के बसते. चहाच्या डागाला घाईने साबण लावला तर तो अधिक घट्ट होतो. हळदीची गंमत सर्वांनी पाहिली असेल: साबण लागताच पिवळा डाग कुंकवासारखा लाल होतो आणि घरात ओरडा होतो. हळदीतील रंगद्रव्य क्षारात लाल होते म्हणून हे घडते. सुती कापड उन्हात टाकले तर हा रंग हळूहळू उडतो. रेशमावर मात्र हा प्रयोग करू नये, डागाबरोबर साडीचाही रंग जाईल. डाग कशाचा आणि किती दिवसांचा, घरी त्यावर काय काय चोळून पाहिले, हे तीन प्रश्न सुटले की अर्धे काम झाले, असे त्या कारागिरांचे म्हणणे. तिसऱ्या प्रश्नावर लोक हमखास खोटे बोलतात, असेही ते म्हणाले.

माझ्या पैठणीवर त्यांनी आठवडाभर काम केले. आधीच बजावले होते, "आठ आणे निघेल, सोळा आणे नाही." तसेच झाले. डाग फिकट झाला, गेला नाही. ते जादा पैसे घेईनात. मालकांनी घ्यायला लावले आणि मला ते देताना बरे वाटले.

आजीला सांगण्याचा दिवस मी पुष्कळ लांबवला. शेवटी सांगितले तेव्हा ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "सांडलं होतं हे सांगितलंस का त्याला?" मग तिने माझ्याकडून पैठणीची घडी मोडवून घेतली. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिले तर त्या रेघेवर चिरते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची. जुन्या जरीत चांदी असते, ती हवेतील गंधकाने काळवंडते, म्हणून धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळायची. डांबराची गोळी जरीला टेकू द्यायची नाही, आणि अत्तर तर मुळीच नाही. दसऱ्याच्या आसपास कोरडी हवा पडली की सावलीत पसरायची. आता हे काम माझ्याकडे आले आहे. घडी घालताना डागाचा भाग आत जातो, पण आजी तो दर वेळी उलगडून पाहते. यंदाच्या नाटकात नऊवारी हवी असेल तर सुती नेस, असे तिने आताच सांगून ठेवले आहे.