सुताराचे सूत्र
वाचनभाग : यशया ४४:९-२०

या भागातील तेरावे वचन सावकाश वाचा. सुताराच्या हत्यारांचे इतके क्रमवार वर्णन पवित्र शास्त्रात क्वचितच आढळते. प्रथम सूत्र ताणले जाते, मग खूण, मग तासणे, आणि शेवटी कर्कटकाने आखणी.

ही चार नावे भाषांतरकाराची कसोटी पाहतात, कारण त्यांपैकी तीन शब्द संपूर्ण जुन्या करारात येथेच येतात. खुणेच्या साधनास कोणी गेरू समजतात, तर कोणी टोकदार लेखणी. तासण्याच्या हत्यारासाठी 'रंधा' हा शब्द आपल्या ओठी सहज येतो. परंतु प्राचीन इजिप्तमधील सुतार वाकसाने लाकूड तासून ते वाळूच्या दगडाने घाशीत. रंधे आढळतात ते रोमी काळातील. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात ते सापडले आहेत. म्हणून येथे 'तासणी' हा शब्द अधिक सावधपणाचा ठरतो.

चौथा शब्द मात्र सुपरिचित आहे : 'कव', म्हणजे सूत्र. आपल्याकडील सुतारही रंगात भिजविलेली दोरी दोन्ही टोकांस ताणून धरतो, मधोमध उचलून सोडतो, आणि लाकडावर सरळ रेघ उमटते. पुढे करवतीची व पटाशीची चाल त्या रेघेवरूनच तपासली जाते. रेघ वाकडी असेल, तर धारदार हत्यार त्या चुकीलाच नीटनेटके रूप देते.

हाच 'कव' यशया २८:१७ मध्येही आहे. तेथे सूत्र देवाच्या हाती असून तो आपल्या लोकांस न्यायाने मापतो.

संदेष्टा कौशल्यास दोष देत नाही. निर्गम ३१:५ प्रमाणे लाकडाचे कोरीव काम हेही बसालेलास लाभलेले आत्म्याचे दान होते. दोष निराळाच आहे. अर्ध्या ओंडक्यावर भाकर भाजून उरलेल्या अर्ध्यापुढे हा मनुष्य नमतो, आणि त्यातील विसंगती त्याच्या ध्यानी येत नाही. लाकूड काटेकोर मापणारा स्वतःस मात्र मापीत नाही.

वाचकहो, आपण शिक्षक असा, कारकून असा वा कारागीर, आपल्या कामाचे माप आपण चोख घेतो. तेच सूत्र आपल्या व्यवहारावर ताणले जाऊ देतो काय? आपल्या घरी काम केलेल्या सुतारास ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी मिळाली काय? या आठवड्यात ही दोन्ही वचने एकत्र वाचा, आणि रेघ कोठे चुकली आहे ते प्रार्थनापूर्वक शोधा.