आकड्यांतून विषमता शोधायची आहे

प्रश्न : लातूरला संख्याशास्त्रात बी.एस्सी. करते आहे. संगणक वापरून सामाजिक विषमतेवर संशोधन करायचं आहे. घरचे म्हणतात, आयटीत जा. काय करू? – विद्यार्थिनी, औसा

उत्तर : संशोधनाकडेच जा. संख्याशास्त्र ही तुमची जमेची बाजू आहे. कमी पडेल ते समाजशास्त्र, आणि ते नेटाने वाचावं लागेल. पदव्युत्तर शिक्षणासाठी तुळजापूरचं टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र, पुण्याची गोखले संस्था आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, तिन्हीकडचे अभ्यासक्रम पडताळून पाहा. पुढे नेट-जेआरएफ मिळाली तर पीएच.डी.साठी महिना 37,000 रुपये मिळतात. घरच्यांना हा आकडा जरूर सांगा. मात्र प्राध्यापकाच्या कायम जागेसाठी बरीच वाट पाहावी लागते, हेही लपवू नका.

सुरुवात आजच करता येते. 2011च्या जनगणनेची गाववार माहिती फुकट मिळते. औसा तालुक्याचा तक्ता आर किंवा पायथनमध्ये उघडा. एका ओळीत एक गाव : अनुसूचित जातींची लोकसंख्या, शाळा, नळाचं पाणी. नळापुढे ‘आहे’ लिहिलेलं असतं. पण तो नळ दलित वस्तीपर्यंत पोचतो का, हे त्या रकान्यातून कळत नाही. खरी विषमता अनेकदा गावागावांत नसते, गावाच्या आत असते, आणि सरासरी नेमकी तीच झाकते. म्हणून चार-पाच गावं निवडा, वस्त्यांत जाऊन विचारा आणि तक्त्याशी ताडून पाहा. प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायला एवढं काम पुरेसं आहे.